मोहाखालची झाडलेली जागा

जंगलात मुक्काम करण्याचे दोन प्रकार असतात, असं श्रीधरपंतांनी मला सांगितलं. एक सोयींचा, दुसरा बिनसोयींचा. मी म्हटलं, सोयी हव्या असतील तर सांगलीत आपलं घर आहे, आणि गैरसोयच हवी असेल तर तुमच्या आत्याबाईंकडे चार दिवस राहून येऊ. श्रीधरपंत म्हणजे माझे यजमान. जन्मभर पाटबंधारे खात्यात नोकरी केली, पण निवृत्त होईपर्यंत नदीकाठी एक रात्र काढायचं त्यांना कधी सुचलं नाही. निवृत्तीनंतर कुठून तरी एक जुना तंबू विकत आणला आणि दोन महिने आमच्या गच्चीत तो उभारण्याचा सराव केला. शेजारपाजारच्या बायका मला जिन्यात गाठून काळजीने विचारायच्या, घरात सगळं ठीक आहे ना?

त्यांनी जागा निवडली ती यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या काठच्या रानात. त्या वर्षांत यवतमाळचं नाव रोज पेपरात असायचं, आणि ज्या कारणाने असायचं ते काही सहल काढण्याचं कारण नव्हतं. कापूस हातचा गेला होता आणि घराघरांत माणसं खचली होती. मी तसं बोलून दाखवलं. त्यावर श्रीधरपंत म्हणाले, "अगं, आपण नदी बघायला चाललोय, कापूस नाही." हे वाक्य इथे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा मी बॅग भरली. तेव्हा लाजेतला निम्मा वाटा माझा.

पांढरकवडा

मार्चचा शेवट होता. सकाळी अकरा वाजताच ऊन असं होतं की बसमधून उतरल्यावर चपलेतून पाय भाजले. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकलेले होते. चहाच्या टपरीवर आम्ही टेकलो तर टपरीवाल्याने आधी आमच्या गळ्यात कॅमेरा आहे का ते पाहिलं.

"पेपरवाले हा का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मंग कमेटीवाले?"

"नाही हो. फिरायला आलोय."

त्याने हातातली गाळणी खाली ठेवली. "फिराले? इकडं?" मग मागच्या बाकावर बसलेल्या दोघांना हाक मारून म्हणाला, "अबे, इकडं पाहा. हे लोकं फिराले आले म्हन्ते." ते दोघे उठून आले आणि आम्हाला नीट पाहून गेले. सर्कशीतल्या प्राण्याला काय वाटत असेल ते मला त्या पाच मिनिटांत समजलं. चहा मात्र उत्तम होता, आमच्याकडच्यासारखा दुधाळ नाही, कडक आणि आलं ठेचून घातलेला. तिथेच कळलं की गावात रोज कुणी ना कुणी पेपरवाला उतरलेला असतो आणि प्रत्येक जण याच टपरीवर चहा पिऊन मगच दुःख लिहायला जातो.

सोयींचा मुक्काम

कॅम्पचं नाव मी सांगणार नाही, उगाच कुणी जायचं. मालक कुणी नागपूरचे होते. नदीकाठच्या जमिनीची एक लांबलचक पट्टी घेऊन त्यांनी तिच्या एका टोकाला हा कॅम्प थाटला होता. सागाची झाडं तोडून सपाट केलेलं मैदान, त्यावर सिमेंटचे आठ चौथरे, प्रत्येक चौथऱ्यावर एक तंबू. तंबूच्या आत लोखंडी पलंग, छताला पंखा, आणि प्लॅस्टिकच्या गुलाबांची फुलदाणी. बाहेर पळस नुसता पेटल्यासारखा फुललेला, आणि आत प्लॅस्टिकचे गुलाब! वाटेवर हिरव्या प्लॅस्टिकचं गवत अंथरलेलं होतं. मधोमध कारंजं होतं, त्यात पाणी नव्हतं. संडासात कमोड होता, त्यातही पाणी नव्हतं. दीडशे पावलांवर पैनगंगा वाहत होती.

मॅनेजर हा पस्तिशीचा, फार उत्साही माणूस. बोलण्यात निम्मी हिंदी. "मॅडम, एकदम डेव्हलप साइट आहे बघा. जंगल का जंगल, और घर का घर."

"पाणी कुठंय?" मी विचारलं.

"येऊन जाईल ना. टँकर निघालाय."

नदीकाठी टँकरची वाट पाहण्याचा अनुभव मला आयुष्यात आला नव्हता, तो तिथे आला. आमच्या सांगलीत कृष्णेला पूर येतो तेव्हा आम्ही नदीला शिव्या घालतो, पण नदीशेजारी बसून तहानलेले राहण्याची कला आम्हाला अजून साधलेली नाही.

जेवायला पनीर बटर मसाला होता. मी विचारलं, इकडचं काही नाही का? मॅनेजर दुखावला. "इकडचं काय खाणार मॅडम? गेस्टला चांगलं पाहिजे असते." संध्याकाळी जनरेटर सुरू झाला. नागपूरहून आलेल्या एका कुटुंबाने त्याच्यावर गाणी लावली, आणि रानात जे काही पाखरू-बिखरू असेल ते मुकाट्याने आंध्रच्या बाजूला उडून गेलं असावं. पलीकडच्या काठापासून तेव्हा आंध्र लागत असे.

श्रीधरपंतांचा चेहरा उतरला होता. मला त्यांची दया आली आणि थोडा आनंदही झाला. "उद्या आपण पुढे जाऊ," ते म्हणाले, "जिथं काहीच नाही अशा जागी." उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांच्या सहलीच्या कल्पनेला ताबडतोब होकार दिला.

बिनसोयींचा मुक्काम

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजरने आमच्याबरोबर मारोतीला दिलं. मारोती हा जवळच्याच पोडावरचा कोलाम आदिवासी, चाळिशी ओलांडलेला, कॅम्पवर राखणदार. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. निघताना मॅनेजरने त्याला आमच्यासमोरच बजावलं, "गेस्टले नाई म्हनाचं नाई, समजलं?" मारोतीने मान हलवली. हे सांगणं आम्हाला कौतुकाचं वाटलं होतं. माझ्या शाळेत मी मुख्याध्यापिका होते तेव्हा शिपायांना साधारण हेच सांगत असे.

नदीच्या काठाकाठाने तासभर चाललो. पात्र रुंद होतं, पाणी मात्र एका कडेने वाहत होतं आणि बाकी सगळी रेती. नदी वळते तिथे काठावर एक मोठं झाड होतं. पानं जवळजवळ गळलेली, फांद्यांच्या टोकांना तपकिरी गुच्छ. आणि त्या झाडाखाली काय असावं? गोल, स्वच्छ, झाडून काढलेली जमीन! एक काडी नाही, एक सुकं पान नाही. आजूबाजूला गुडघाभर पाचोळा, आणि मधेच हे अंगण. कडेला राखेचे काळे डाग होते, म्हणजे आधीही कुणी तरी इथे मुक्काम करून शेकोटी पेटवली होती, असा निष्कर्ष मी काढला. माझं निरीक्षण फार चांगलं आहे असं मला वाटत आलेलं आहे.

"इथंच," मी म्हटलं.

मारोती झाडाकडे पाहत उभा राहिला. "बाई, खाली रेतीवर लावू तंबू. रेती थंडी हाये."

"रेती सगळीकडे शिरते. इथं किती स्वच्छ आहे बघ."

"इथी लोकायचं काम राह्यते."

"रात्री कसलं काम असणार लोकांचं?"

तंबूचे खुंटे त्यानेच ठोकून दिले. मग आपली वळकटी उचलून खाली रेतीवर गेला आणि तिथे स्वतःचं बिऱ्हाड मांडलं. मला राग आला. माणसं आपल्याच हेक्यापायी चांगल्या जागेला नाकं मुरडतात, असं मी श्रीधरपंतांना म्हणाले. शाळेत झाडलेलं आवार दिसलं की मी शेरेबुकात चांगला शेरा लिहीत असे. आवार कुणी झाडलं, कशासाठी झाडलं, हे विचारायची सवय मला नव्हती.

त्यानंतर श्रीधरपंतांनी स्टोव्ह काढला. पुस्तकात वाचून आणलेला, पंप मारायचा, पितळी. त्यांनी पंप मारला, स्टोव्ह फुरफुरला, मग आडवा झाला, आणि त्यातलं अर्धा लिटर रॉकेल त्या झाडलेल्या जमिनीवर पसरलं. ते घाबरून उठले, तर त्यांच्या पायाने रॉकेलची बाटलीही लवंडली. तंबूच्या दारापासून बुंध्यापर्यंत ओल गेली. "उडून जाईल," ते म्हणाले. मी बडबड बडबड बडबडले, पण ती त्यांच्या वेंधळेपणावर. जमिनीचा विचार माझ्या मनात आला नाही.

जेवण मारोतीनेच दिलं. त्याने पिशवीतून गोवऱ्या आणल्या होत्या, त्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजले आणि तिखटजाळ वांग्याची भाजी केली. रोडगा फोडला की आतून वाफ यायची. आमच्याकडे भाकरी उत्तम होते, याबद्दल वाद नाही, पण नदीच्या रेतीवर बसून खाल्लेल्या त्या रोडग्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले. मारोतीला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "हाव बाई," आणि पुन्हा वर झाडाकडे पाहिलं.

तिसरा दिवस, सकाळ

पहाटे तंबूवर टप टप वाजत होतं. श्रीधरपंत म्हणाले दव. मी म्हटलं माकडं. उजाडायच्या सुमाराला मी तंबूची चेन उघडून बाहेर आले, तो पायाखाली काही तरी मऊ फुटलं. जमिनीवर, तंबूवर, आमच्या पातेल्यात, चपलांत, सगळीकडे पिवळसर पांढरी, द्राक्षाएवढी गुबगुबीत फुलं पडली होती आणि अजून पडतच होती. गोड, आंबूस वास दाटला होता. त्या वासात रॉकेलचा वास.

मोह! वनसंपत्तीच्या धड्यात मोह, तेंदू, डिंक ही नावं मी वीस वर्षं फळ्यावर लिहिली. परीक्षेत एकेक गुण दिला. आणि झाड समोर आलं तेव्हा मी त्याच्याखाली तंबू ठोकला.

झाडलेल्या गोलाच्या बरोबर कडेला एक बाई उकिडवी बसली होती. साठीच्या आसपासची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पुढ्यात बांबूची टोपली. किती वेळ बसली होती कोण जाणे.

"काय हवंय बाई?" मी विचारलं. माझा आवाज शाळेच्या फाटकात विनाकारण उभ्या राहिलेल्या पालकाशी बोलतानाचा होता.

"काई नाई," ती म्हणाली. "तुमी उठा, मंग मी येचतो." तिकडच्या बायका स्वतःबद्दल असं पुरुषासारखं बोलतात.

मारोती रेतीवरून वर आला आणि तिच्याशी कोलामीत बोलू लागला. मला एक शब्द कळला नाही, पण तो खालमानेने बोलत होता आणि ती त्याला फाडून खात होती, हे कळायला भाषा लागत नाही. मग त्याने मला सांगितलं. ही लेतूबाई. झाड तिच्या घरचं. तिची सासू याच झाडाचा मोह वेचायची. प्रत्येक घराची झाडं ठरलेली, दुसरं कुणी त्याखाली वाकतसुद्धा नाही. फुलं मातीत हरवू नयेत म्हणून खालचा पाचोळा जाळायचा, जमीन झाडून घ्यायची. ते काळे डाग त्याचे होते.

"काल मला का नाही सांगितलंस?" मी ओरडले.

"सांगतलं ना बाई, लोकायचं काम राह्यते म्हून."

लेतूबाई तोवर पुढे आली होती. तिने एक फूल उचललं, नाकाशी नेलं, आणि टाकून दिलं. दुसरं उचललं, टाकलं. मग जमिनीवर हात फिरवून बोटं हुंगली.

"घासलेट सांडलं का?"

श्रीधरपंत म्हणाले, "चुकून. पण ते उडून जाईल ना?"

"मोहा वास धरते सायेब. आज पडला थो गेला, अन् उद्या पडंन थो बी जाईन. अजून आठ-दहा दिस पडते झाड." ती आवाज न चढवता बोलत होती, त्याने मला जास्त कानकोंडं झालं. "यंदा पऱ्हाटीनं काई देल्लं नाई. पानी येयेवरी हेच हाये घरात. हेच खाचं, हेच देऊन जवारी आनाची."

पऱ्हाटी म्हणजे कपाशी. जी बघायला आम्ही आलो नव्हतो ती.

"काय करता येईल?" मी विचारलं.

"काय करान? वरची माती काढा लागंन."

मग आम्ही ती काढली. तंबू उपटला आणि ताटल्यांनी जमीन खरवडायला बसलो, मी, श्रीधरपंत आणि मारोती. लेतूबाई मागे उभी राहून दाखवत होती, इथंसा अजून, तिथंसा अजून. श्रीधरपंत पातेल्याने नदीतून कोरडी रेती आणून पसरत होते. त्यांच्या धापा ऐकून मला वाटलं, आता इथेच कोसळतात. मीही थांबले नाही. ऊन वर आलं, पाठ मोडली, नखांत माती गेली. मधेच लेतूबाईने पदरातून भाजलेल्या सुक्या मोहाची मूठ काढून श्रीधरपंतांपुढे धरली. मनुकेसारखी लागतात, ते म्हणाले, पण मनुकेपेक्षा त्यात धूर जास्त. मला तिने दिली नाहीत.

काम उरकत आलं आणि मॅनेजरची जीप आली. तो उतरला, त्याने ती तासून सपाट केलेली, रेती पसरलेली जमीन पाहिली, आणि त्याचा चेहरा फुलला.

"वा मॅडम! तुम्ही तर साइटच तयार करून टाकली!"

"ही साइट नाही. हे यांच्या मोहाचं झाड आहे."

"झाड कुनाचं बी असो, जमीन मालकाची आहे. मालक मला कधीचे म्हणून राह्यले, एक बिनसोयींची जागा काढ, आजकल लोकं तेच मागतात." तो पावलं टाकून जागा मोजू लागला. "इथं एक चौथरा, चारी बाजूंनी तार. सोमवारी सिमेंट टाकतो. गेस्टनी खुद पसंत केलेली जागा आहे, और क्या पाहिजे?"

तो म्हणत होता ते खरं होतं. जागा मीच पसंत केली होती. लेतूबाई टोपली कमरेवर घेऊन उभी होती आणि माझ्याकडे नाही, त्याच्या पावलांकडे बघत होती. तार पडली तर ती आत येणार कुठून? मला त्या माणसाचा, त्याच्या प्लॅस्टिकच्या गवताचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा इतका संताप आला की काय बोलते आहे हे कळायच्या आत मी बोलून गेले.

"टाका सिमेंट. पण अस्वलाचं काय करणार?"

मॅनेजर थांबला. "कोणतं अस्वल?"

"पहाटे आलं होतं ते. मोह खायला. आमच्या तंबूला धडक दिली त्याने. हे बघा," मी खाली पडलेला तंबू दाखवला. तो श्रीधरपंतांनी उपटताना फाडला होता. "माणसं मेली असती आज. पांढरकवड्याच्या टपरीवर जिल्हाभरचे पेपरवाले बसलेले असतात. मी इथून थेट तिकडेच जाणार आहे."

मॅनेजरने मारोतीकडे पाहिलं. मारोतीने जमिनीकडे पाहिलं. लेतूबाई म्हणाली, "मोहा पडला का अस्वल येतेच बाप्पा," आणि हे बहुतेक खरंही असावं.

"मॅडम, पेपरात नको," मॅनेजरचा आवाज बसला. "सीझन खतम होऊन जाईन माझा. तुम्ही मालकासाठी मले लिहून द्या फक्त. की ही जागा चालत नाई. मी दुसरी पाहतो, कॅम्पच्या बाजूनं."

त्याने जीपमधून जेवणाचं कार्ड आणलं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी लिहिलं: सदर जागी आज पहाटे मी स्वतः पूर्ण वाढीचे अस्वल पाहिले असून, ही जागा मुक्कामास अत्यंत धोकादायक आहे. खाली सही केली, आणि सहीखाली 'मुख्याध्यापिका, निवृत्त' असंही लिहिलं. श्रीधरपंतांनी आपण होऊन साक्षीदार म्हणून सही केली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, त्यांनी माझ्या एखाद्या बोलण्याला वाद न घालता दुजोरा दिल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. "चांगलं एवढं होतं," ते मॅनेजरला म्हणाले आणि दोन्ही हात पसरले.

मॅनेजर कार्ड खिशात घालून जीपमध्ये जाऊन बसला. आम्ही सामान बांधलं. मला आता बरं वाटत होतं, खरं तर फारच बरं वाटत होतं. आपण केलेली चूक आपणच निस्तरली, इतकंच नाही तर एका बाईचं झाड वाचवलं, असं काहीसं मनात येऊ लागलं होतं. लेतूबाई नव्या रेतीवर बसून ताजी पडलेली फुलं उचलत होती. प्रत्येक फूल हुंगून, काही टोपलीत, बरीचशी मागे. मी तिच्याजवळ गेले.

"लेतूबाई, राहिलं ना तुमचं झाड?"

तिने वर पाहिलं नाही. एक फूल हुंगून मागे टाकलं.

"झाड त माह्यंच होतं बाई," ती म्हणाली. "तुमी कव्हा जाता थे सांगा."